भंडाऱ्याचे उमेदवार आणि रुपयाचा प्रश्न

मागे एकदा मोहाडी तालुक्यातल्या करडी गावी जाणे झाले. गाव धानाचे. बांध्या, तलाव, पलीकडे वैनगंगेचे पात्र. शाळेत चार मुलांशी बोलत बसलो असता एका मुलाने विचारले, “बाबासाहेब अमेरिकेत शिकायला गेले, ते नेमके काय शिकले?” बरोबरच्या मास्तरांनी उत्तर दिले, “कायदा.” मीही मान डोलावली. पण परतीच्या वाटेवर ते उत्तर मनात टोचू लागले, कारण ते बरोबर नव्हते. बॅरिस्टरीचा अभ्यास त्यांनी लंडनला केला, तोही दुसऱ्या अभ्यासाच्या जोडीने. अमेरिकेत ते शिकले ते अर्थशास्त्र, म्हणजे पैशाचे, कराचे आणि व्यापाराचे शास्त्र. आजच्या भाषणात त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर नीट द्यावे असा विचार आहे.

हा प्रश्न भंडारा जिल्ह्यात निघावा यालाही एक अर्थ आहे. १९५४ च्या मे महिन्यात डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर याच भंडारा मतदारसंघातून लोकसभेच्या पोटनिवडणुकीला उभे होते. त्या वेळी भंडारा जिल्हा मध्य प्रदेशात होता. मतदारसंघ दोन जागांचा. एक सर्वसाधारण, एक राखीव. सर्वसाधारण जागेवर प्रजासमाजवादी पक्षाचे अशोक मेहता निवडून आले. राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर आले, आणि बाबासाहेब सुमारे ८ हजार मतांनी पडले. प्रचारसभांत ते देशाच्या परराष्ट्रनीतीवरही बोलले. धान पिकवणाऱ्या माणसापुढे परराष्ट्रनीती कशाला, असे कोणाला वाटले असेल. पण ज्याने चाळीस वर्षे या विषयाचा अभ्यास केला होता, त्याला ठाऊक होते की लंडनच्या बाजारात रुपयाची किंमत बदलली की तिची झळ शेवटी बांधीपर्यंत येते. ती कशी येते, हाच त्यांच्या विद्यार्थिदशेतल्या अभ्यासाचा गाभा होता.

आज या विषयाला आंतरराष्ट्रीय राजकीय अर्थशास्त्र असे भारदस्त नाव आहे. १९७० च्या सुमारास सुसान स्ट्रेंज नावाच्या इंग्रज विदुषीने तक्रार केली, की अर्थशास्त्र शिकणारे राजकारणाकडे बघत नाहीत आणि देशादेशांतले राजकारण शिकणारे पैशाकडे बघत नाहीत. त्यानंतर हा विषय वेगळा म्हणून शिकवला जाऊ लागला, आणि लंडनच्या ज्या संस्थेत तो आज पदव्युत्तर वर्गाला शिकवतात त्याच संस्थेत आपले बाबासाहेब त्याच्या अर्धशतक आधी बसले होते. तेव्हा हे नाव नव्हते, पण विषय तोच होता. कोणत्या देशाचा पैसा कोणाच्या हाती, कर कोण बसवतो, तो कोणासाठी खर्च होतो, आणि तोटा कोणाच्या पदरात पडतो.

आता हकीकत सांगतो. १९१३ च्या फेब्रुवारीत वडील रामजी सुभेदार वारले. घरात बायको, लहान मूल, उत्पन्न नाही. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड महाराज यांनी परदेशच्या शिक्षणासाठी तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली, दरमहा साडेअकरा पौंड. करार असा, की शिक्षण आटोपल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करायची. त्या काळी एका पौंडाला पंधरा रुपये पडत. म्हणजे महिन्याचे १७२ रुपये ८ आणे झाले. हा पंधराचा आकडा ध्यानात ठेवा, पुढे त्याचे काम आहे.

१९१३ च्या जुलैत ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोहोचले. तिथे त्यांनी किती विषय घेतले याची नोंद आहे, आणि ती शिक्षकबंधूंनी मुद्दाम ऐकावी. अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, आणि वर थोडे फ्रेंच, थोडे जर्मन. पदवीला इतके लागत नव्हते. पण भुकेला माणूस जेवणावळीत बसला की पानावरचे काही सोडत नाही, तसा हा प्रकार. शिकवणारेही नावाजलेले होते. सरकारी जमाखर्चाच्या शास्त्रातले एडविन सेलिग्मन, तत्त्वज्ञ जॉन ड्युई, इतिहासाचे जेम्स रॉबिन्सन.

१९१५ मध्ये ते एम.ए. झाले. त्या वर्षी त्यांनी लिहिलेला प्रबंध ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर आणि जमाखर्चावर आहे. कंपनीचे राज्य म्हणजे आपल्याकडे लढायांची गोष्ट म्हणून शिकवतात. या विद्यार्थ्याने कंपनीची वही उघडली. सारा किती गोळा झाला, फौजेवर किती गेला, व्याजात किती गेला, आणि रस्ते-कालवे यांच्या वाट्याला किती उरला. १८५८ साली राणीच्या सरकारने राज्य हाती घेतले तेव्हा कंपनीचे कर्जही हिंदुस्थानच्याच खात्यावर चढवले गेले. तलवारीची जखम दिसते, खतावणीतली दिसत नाही, म्हणून ती वाचायला शिकावे लागते.

त्यापुढचा प्रबंध प्रांतांच्या जमाखर्चावर होता. कलकत्त्याचे वरिष्ठ सरकार सगळा पैसा आपल्या मुठीत ठेवी आणि प्रांत हात पसरून मागत. १८७१ पासून ही मूठ थोडी थोडी सैल झाली. आधी ठराविक नेमणुका मिळाल्या, मग काही करांचे उत्पन्न तोडून दिले, पुढे उत्पन्नात वाटा ठरला. हे कोरडे वाटेल, पण ग्रामपंचायतीचा कारभार बघणाऱ्या माणसाला विचारा. वरून पैसा येतो तो किती, कोणत्या हुकमाने, आणि खर्चायची मुभा कितपत, हा प्रश्न त्याला रोजचा आहे. हा ग्रंथ १९२५ मध्ये लंडनला छापून निघाला. सेलिग्मन यांनी त्याला प्रस्तावना लिहिली, आणि तो सयाजीराव महाराजांना अर्पण केला आहे. कोलंबियाची पीएच.डी. त्यांना रीतसर मिळाली ती १९२७ मध्ये.

१९१६ मध्ये ते लंडनला आले, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले, ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठीही नाव घातले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये परत यावे लागले. चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुरा करावा अशी सवलत मात्र मिळाली. महायुद्ध चालू होते. त्यांची पुस्तके निराळ्या जहाजाने येत होती. ते जहाज शत्रूच्या माऱ्यात बुडाले. पै-पै वाचवून घेतलेली ती पुस्तके समुद्राच्या तळाशी गेली.

बडोद्याला गेले तेव्हा काय झाले ते त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. दोन देशांत शिकून आलेला, संस्थानचा अधिकारी, पण राहायला जागा कोणी देईना. एका पारशी वसतिगृहात पारशी नाव लावून राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले लोक दारात उभे. सामान घेऊन बाहेर पडावे लागले. रुपयाचे आणि राज्याच्या तिजोरीचे शास्त्र शिकलेल्या माणसाला रोख भाडे देऊनही खोली मिळू नये! बाजारात पैसा सगळ्यांचा सारखा चालतो असे अर्थशास्त्राची पुस्तके धरून चालतात. ते खरे नाही, हे या विद्यार्थ्याला कोणत्याही प्राध्यापकाने शिकवण्याची गरज उरली नव्हती.

मग मुंबई. १९१८ च्या नोव्हेंबरात सिडनहॅम कॉलेजात राजकीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून तात्पुरती नेमणूक मिळाली. त्याच वर्षी त्यांनी एक लेख लिहिला, आणि माझ्या मते खेड्यातल्या माणसाने बाबासाहेबांचे एकच लिखाण वाचायचे म्हटले तर तो हा लेख वाचावा. विषय आहे हिंदुस्थानातल्या लहान शेतांचा. त्या काळी सगळे विद्वान एक सुरात सांगत होते, की शेते फार लहान झाली, वाटण्या होऊन तुकडे पडले, म्हणून शेतकरी दरिद्री. तेव्हा तुकडे जोडा, वाटण्या बंद करा. खुद्द बडोदे संस्थानच्या समितीने तसा विचार मांडला होता.

बाबासाहेब म्हणाले, थांबा. शेत लहान की मोठे हे नुसत्या एकरांवर ठरत नाही. ज्याच्याकडे बैलजोडी, अवजार, खत आणि भांडवल आहे त्याला दहा एकर थोडे. ज्याच्याकडे हे काही नाही त्याला तीन एकरही झेपत नाही. अवजारे आणि भांडवल यांच्या हिशेबाने बघितले तर आपली शेते लहान नसून उलट मोठीच आहेत, असे त्यांनी लिहिले. ऐकणारे चमकले असतील. मग दुखणे काय? दुखणे हे, की जमिनीवर माणसे फार. त्यांतल्या पुष्कळांना वर्षातले कित्येक महिने काम नाही. रिकामा हात काम करीत नाही, पण जेवतो तर खरा. तो जे खातो ते भांडवलातून जाते, आणि भांडवल नाही म्हणून शेत सुधारत नाही. उपाय? कारखाने आणि उद्योग वाढवा, रिकामे हात तिकडे जाऊ द्या, मग शेतावरचा भार हलका होईल आणि शेत आपोआप सुधारेल. तुकडेजोड म्हणजे रोग एकीकडे आणि लेप दुसरीकडे, असे त्यांच्या म्हणण्याचे सार.

धानाच्या मुलखात हे पटायला वेळ लागत नाही. रोवणी आणि कापणी सोडली तर हात रिकामा, आणि मग तेंदूपत्ता, विडी, नाही तर नागपूरची वाट. या लेखाला शंभर वर्षे होऊन गेली. त्यांचा उपाय जसाच्या तसा लागू पडला असे मी म्हणणार नाही. कारखाने निघाले, पण शेतावरचे सगळे रिकामे हात त्यांनी उचलले नाहीत. प्रश्न मात्र त्यांनी बरोबर मांडला होता.

आता रुपयाकडे येतो. नवल बथेना या पारशी मित्राकडून ५ हजार रुपये उसने घेऊन, गाठीला काही जमवून, १९२० च्या जुलैत ते पुन्हा लंडनला निघाले. दिवसभर ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात, रात्री खोलीवर भाजलेले पापड खाऊन पुन्हा वाचन, असा क्रम. १९२१ मध्ये एम.एस्सी. झाली. १९२२ च्या ऑक्टोबरात डी.एस्सी.साठी प्रबंध दिला. तो परत आला, पुन्हा लिहावा लागला, आणि १९२३ मध्ये मान्य झाला. त्याच वर्षी तो ग्रंथ म्हणून निघाला. नाव ‘रुपयाचा प्रश्न’ या अर्थाचे.

हा प्रश्न काय होता? पूर्वी आपला रुपया अस्सल चांदीचा. तोळाभर वजनाचा. कोणीही चांदी टाकसाळीत न्यावी आणि रुपये पाडून घ्यावेत. इंग्लंडचा पौंड सोन्याचा. तोवर बरे चालले, कारण सोने आणि चांदी यांचे भाव एकमेकांना धरून होते. १८७० नंतर जर्मनी आणि मागोमाग दुसरे देश चांदी सोडून सोन्यावर गेले. जगात चांदीचा सुकाळ झाला, भाव उतरला, आणि त्याबरोबर रुपयाही उतरला. पूर्वी एका रुपयाला जवळजवळ दोन शिलिंग मिळत, ते १८९२ पर्यंत सव्वा शिलिंगाच्या आसपास आले.

याचा त्रास कोणाला? हिंदुस्थान सरकारला दरवर्षी विलायतेला पैसे पाठवावे लागत. कर्जाचे व्याज, साहेबांची पेन्शने, तिथल्या कचेऱ्यांचा खर्च, हे सगळे पौंडात. हिशेब बघा. एका पौंडाचे शिलिंग वीस. रुपया दोन शिलिंगांचा असता एक पौंड पाठवायला दहा रुपये पुरत. रुपया सोळा पेन्सचा, म्हणजे एक शिलिंग चार पेन्सचा झाला की त्याच एका पौंडाला पंधरा रुपये. पाठवायचे पौंड तेवढेच, पण रयतेकडून काढायचे रुपये दीडपट. शेतकऱ्याने हुंडणावळ हा शब्दही ऐकला नसेल, पण ती त्याच्या साऱ्यात आणि मिठाच्या करात येऊन बसली.

तेव्हा १८९३ च्या जूनमध्ये सरकारने टाकसाळी लोकांच्या चांदीला बंद केल्या. नवे रुपये पडेनात म्हणून रुपयाची किंमत वर चढली आणि सोळा पेन्सवर ठरली. सरकारचा प्रश्न सुटला. पण खेड्यात काय झाले? आपल्याकडे बाईच्या अंगावरची चांदी हीच पेढी. तोडे, वाळे, गोठ. टाकसाळ उघडी होती तोवर तोळाभर चांदी म्हणजे बहुधा रुपयाच. टाकसाळ बंद झाली आणि रुपया निराळा, चांदी निराळी झाली. चांदीचा भाव आणखी उतरला. आणि लगेच १८९६-९७ चा दुष्काळ आला, त्यामागून १८९९-१९०० चा. या मध्य प्रांताने ते दोन्ही भोगले. दाण्यासाठी अंगावरची चांदी मोडायला नेली तेव्हा सोनाराने पूर्वीच्या मानाने कमी रुपये हातावर ठेवले. सोनार लबाड होता असे त्या बाईला वाटले असेल. सोनाराचा दोष थोडा, सिमल्याला झालेल्या कायद्याचा जास्त.

त्यापुढे सरकारने रुपया लंडनमध्ये ठेवलेल्या निधीच्या आधाराने सोळा पेन्सवर टिकवला. या पद्धतीची तारीफ जॉन केन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १९१३ च्या आपल्या ग्रंथात केली. केन्स पुढे जगप्रसिद्ध झाला. आंबेडकरांनी त्याच पद्धतीला हरकत घेतली. त्यांचे म्हणणे असे, की सरकारला वाटेल तेव्हा रुपये पाडता येतात, त्यावर बंधन नाही. रुपये भाराभर झाले की देशात महागाई होते. बाहेर हुंडणावळ टिकली म्हणून आत भाव टिकले असे होत नाही. आणि गरिबाला काम आहे ते आतल्या भावाशी. म्हणून रुपये पाडण्यावर कडक मर्यादा घाला, सरकारच्या मर्जीवर सोडू नका.

दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली ती आजही कामाची आहे. रुपया स्वस्त झाला की परदेशी माल पाठवणारा व्यापारी खूष होतो, आणि म्हणतात की देशाचा फायदा झाला. बाबासाहेबांनी विचारले, हा फायदा आला कोठून? परदेशी गिऱ्हाइकाने तर जास्त दिले नाही. तो आला इथल्याच मजुराच्या खिशातून. भाव चढले पण त्याची मजुरी मागेच राहिली. तुमसरच्या बाजूला चिखला आणि डोंगरी बुजुर्ग इथल्या खाणींतून मँगनीज निघते, आणि विसाव्या शतकाच्या आरंभापासून या भागाचा माल समुद्रापलीकडे जात आला. विक्री पौंडात आणि मजुरी आण्यात, असा तो व्यवहार. रुपया स्वस्त झाला की मालकाच्या हाती रुपये जास्त येणार. डोक्यावर टोपली घेतलेल्या बाईला मात्र तेवढेच आणे, आणि बाजारात तांदूळ महाग. धान विकणाऱ्या शेतकऱ्याला चढत्या भावाचा थोडा लाभ होई हेही खरे. ज्याच्यापाशी विकायला काही नाही, त्याचे मरण. बाबासाहेबांचे लक्ष त्याच्याकडे होते.

जाता जाता सांगतो, ते स्वतः लंडनला होते तेव्हाच रुपयाचा हा खेळ रंगला होता. १९२० च्या आरंभी सरकारने रुपया दोन शिलिंगांचा ठरवला. वर्ष सरता सरता तो दीड शिलिंगाच्या आसपास घसरला. दोन शिलिंगांच्या भावाने हजार रुपयांचे शंभर पौंड होतात, दीड शिलिंगाच्या भावाने पंचाहत्तर. घरून रुपये मागवून लंडनला राहणाऱ्या विद्यार्थ्याला हा विषय पुस्तकातून शिकायचे कारण नव्हते.

त्यांचे मार्गदर्शक एडविन कॅनन यांनी ग्रंथाला प्रस्तावना लिहिली. तीत त्यांनी उघड म्हटले, की याच्या पुष्कळ मतांशी आपले जमत नाही, पण विचारात ताजेपणा आहे. शिष्य आपल्या मताविरुद्ध लिहितो आणि गुरू त्याच्या पुस्तकाला प्रस्तावना देतो! शिक्षकबंधूंनो, हे आपल्याकडे सहसा घडत नाही.

पुढे १९२५ च्या डिसेंबरात हिल्टन यंग यांच्या चलन आयोगापुढे बाबासाहेबांची साक्ष झाली. त्या आयोगाने रुपया अठरा पेन्सचा ठेवावा आणि देशाची एक मध्यवर्ती बँक काढावी अशी शिफारस केली. १९३४ मध्ये कायदा झाला आणि १ एप्रिल १९३५ ला रिझर्व्ह बँक सुरू झाली. यावरून रिझर्व्ह बँक बाबासाहेबांनीच स्थापली असे भाषणांत सांगतात. एवढे सरळ ते नाही. बँकेची शिफारस आयोगाची. आयोगापुढे आलेल्या अनेक साक्षींत त्यांची एक होती, आणि तिचा भर नोटा-रुपये काढण्यावर मर्यादा असावी यावर होता. जे आहे तेच मोठे आहे. पस्तिशीच्या आतला एक माणूस सरकारने नेमलेल्या आयोगासमोर बसतो आणि रुपयाची बाजू आकड्यांनिशी मांडतो. आठ वर्षांपूर्वी त्याच माणसाला वसतिगृहातून काठीच्या धाकाने बाहेर काढले होते.

तुमच्या जिल्ह्याचा आणखी एक धागा आहे. १९५४ ला भंडाऱ्यातून निवडून आलेले अशोक मेहता हेही अर्थशास्त्राचेच अभ्यासक. १९६३ पासून काही वर्षे ते योजना आयोगाचे उपाध्यक्ष होते, आणि पंचायत राज्यावरची १९७७-७८ ची समिती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. म्हणजे त्या वर्षी भंडाऱ्याच्या निवडणुकीत देशातले दोन जाणते अर्थपंडित एकाच वेळी होते. त्यांतला एक लोकांनी दिल्लीला पाठवला. दुसऱ्याला पाठवला नाही.

ज्या १९२३ साली लंडनला त्यांचा प्रबंध मान्य झाला, त्याच साली नागपूर विद्यापीठ निघाले. त्याआधी या प्रांतातली मुले अलाहाबाद विद्यापीठाच्या परीक्षा देत. आज महाराष्ट्र सरकारची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेश शिष्यवृत्ती आहे, आणि अनुसूचित जातींतली मुलेमुली तिच्या आधाराने परदेशी विद्यापीठांत शिकतात. करडीच्या त्या मुलाला हे कळवायचे राहिले, म्हणून इथे सांगतो.

लहान शेतांवरचा लेख सरकारने १९७९ मध्ये काढलेल्या बाबासाहेबांच्या समग्र लेखनाच्या पहिल्या खंडात आहे, आणि कंपनीचा जमाखर्च, प्रांतांचा जमाखर्च व रुपयाचा प्रश्न हे तिन्ही १९८९ च्या सहाव्या खंडात एकत्र आहेत. रुपयावरचा ग्रंथ बाबासाहेबांनी १९४७ मध्ये पुन्हा छापला तेव्हा तो हिंदी चलन आणि बँकांच्या इतिहासाचा पहिला भाग म्हणून काढला. १९२३ नंतरची हकीकत दुसऱ्या भागात द्यायची होती. त्याच वर्षीच्या ऑगस्टात त्यांच्याकडे कायदेमंत्र्याचे काम आले, महिनाअखेर घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्षपद आले, आणि दुसरा भाग लिहायचा राहून गेला.